चर्चा : निःशस्त्रीकरणाच्या बैठकीतली 'महोदय, महोदय' भाषणं हवीत कशाला?

धुरकरी (आर्वी तालुका)

लेक राज्यसेवेचा अभ्यास करते. रात्री जेवणं आटोपली की जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेतली, म्हणजे जिथे देश शस्त्रं कमी करण्याचे करार ठरवायला बसतात तिथली, भाषणं वाचते आणि मला मराठीत सांगते. बहुतेक भाषणांची सुरुवात एकच. "अध्यक्ष महोदय, आपल्या अध्यक्षतेखाली मी प्रथमच बोलत आहे, आपलं अभिनंदन करतो, माझ्या शिष्टमंडळाच्या पूर्ण सहकार्याची ग्वाही देतो." मग मागच्या अध्यक्षांचे आभार. कोणी राजदूत बदलून चालला असेल तर त्याला निरोप.

परिषदेत ६५ देश. अध्यक्षपद इंग्रजी वर्णक्रमाने दर चार आठवड्यांनी फिरतं, म्हणजे वर्षाला सहा अध्यक्ष. प्रत्येकाने प्रत्येकाचं एकदाच अभिनंदन केलं तरी आकडा चारशेच्या जवळ जातो. आणि काम? १९९६ मध्ये अणुचाचणीबंदी कराराची बोलणी झाली. त्यानंतर त्या सभागृहातून एकही करार बाहेर पडलेला नाही. २९ मे २००९ ला कामाचा कार्यक्रम एकमताने मंजूर झाला होता, पण त्यावर काम सुरूच झालं नाही.

मला राग वेळेचा नाही. "पूर्ण सहकार्य" म्हणायचं आणि त्याच तोंडाने काम अडवायचं, याचा आहे. अण्वस्त्रांच्या बाबतीत शेवटी एकमेकांच्या शब्दावर चालायचं असतं. तो शब्दच असा रोज पातळ केला तर उरतं काय? हे हारतुरे बंद व्हावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पऱ्हाटी (घाटंजी)

धुरकरी भाऊ, तुम्ही शेतकरी आहात, धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण तुम्हाला माहीत आहे. आमच्या गावात दोन चुलतभावांचा धुऱ्यावरून अकरा वर्षं राम राम बंद होता. मोजणीवाला दोनदा येऊन परत गेला, कारण एक हजर असला की दुसरा घरी बसायचा. तंटामुक्ती समितीने तिसऱ्या वेळी काही केलं नाही, फक्त दोघांना एका ओसरीवर बसवून चहा पाजला. त्या दिवशी मोजणी झाली. धुरा कुठे जाईल हे चहाने ठरवलं नाही, पण दोघं एका जागी बसले ते चहामुळे.

जिनिव्हात भारत आणि पाकिस्तान एकाच सभागृहात बसतात, युद्धाच्या काळातही रशिया आणि अमेरिका बसतात. ते "महोदय" म्हणजे हा चहा आहे. काम अडतं ते एकमताच्या नियमाने. एका देशाने "नाही" म्हटलं की सगळं थांबतं. अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या युरेनियम-प्लुटोनियमचं उत्पादन थांबवण्याची बोलणी २००९ नंतर पाकिस्तानने अडवली. १९९६ मध्ये अणुचाचणीबंदीचा करार अडवणारे तर आपणच होतो.

सालदार (दारव्हा)

मले एक सांगा, गोड बोलल्यानं कोणाची बंदूक खाली ठेवल्या गेली? २०१८ च्या मे महिन्यात वर्णक्रमानं अध्यक्षपदासाठी सीरियाचा नंबर लागला. स्वित्झर्लंडच्या मागे सीरिया, एवढंच कारण. ज्याच्यावर आपल्याच लोकांवर विषारी वायू सोडल्याचा आरोप, तोच त्या सभेचा अध्यक्ष, जिथं रासायनिक शस्त्रबंदीचा करार लिहिल्या गेला! अमेरिकेचा राजदूत उठून बाहेर गेला तं काय चुकलं त्याचं? मेलेल्या लेकरांच्या मायबापानं ते अभिनंदन ऐकलं असतं तं त्यायले कसं वाटलं असतं, हा विचार करा आधी.

नदीकाठची मास्तरीण (सेलू, वर्धा)

सालदार भाऊंचा प्रश्न मनाला लागला. तरी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. २३ जुलै १९३९ ला गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला पत्र लिहिलं, त्याचं संबोधन "प्रिय मित्र" असं आहे. इंग्रज सरकारने ते जाऊ दिलं नाही. २४ डिसेंबर १९४० ला, युद्ध पेटलेलं असताना, वर्ध्याहूनच दुसरं लिहिलं. त्याच्या पहिल्याच ओळीत ते सांगतात की तुम्हाला मित्र म्हणतो आहे तो उपचार नाही, मला कोणी शत्रू नाही. आणि त्याच पत्रात हिटलरच्या कृत्यांना ते राक्षसी म्हणतात. आदराने बोलणं म्हणजे मिंधेपणा नव्हे, हे मला त्या पत्रातून कळलं.

अरुंधती घोष यांचंही तसंच. १९९६ मध्ये त्या जिनिव्हात आपल्या राजदूत होत्या. अण्वस्त्रं नष्ट करण्याची मुदत ठरवायला मोठे देश तयार नव्हते, म्हणून अणुचाचणीबंदीचा हा करार विषम आहे, भारत सही करणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही, असं त्यांनी ठणकावलं. सभेचे सगळे शिष्टाचार पाळून. जिनिव्हात अडलेला तो करार मग संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला गेला, तिथे १० सप्टेंबर १९९६ ला १५८ विरुद्ध ३ मतं पडली. विरोधात आपण, भूतान आणि लिबिया. एवढं एकटं पडूनही जिनिव्हातली आपली खुर्ची आणि आपलं बोलणं टिकलं.

धुरकरी (आर्वी तालुका)

ताई, तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. गांधीजींना सांगावं लागलं की हा उपचार नाही. म्हणजे उपचाराचा "मित्र" आणि मनातला "मित्र" हे दोन वेगळे, हे त्यांना ठाऊक होतं. जिनिव्हात तो फरकच पुसला गेला आहे. आणि घोषबाईंनी खोटी ग्वाही दिली नाही, थेट नकार दिला. मला तोच खरेपणा हवा आहे.

पऱ्हाटी भाऊ, चहा पटला. पण धुरा मिटवला मोजणीने. ८ डिसेंबर १९८७ ला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या करताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी रशियन म्हण ऐकवली, विश्वास ठेवा पण पडताळा. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह म्हणाले, हे तुम्ही प्रत्येक भेटीत म्हणता. सगळे हसले. पण त्या हसण्यामागे खरी पडताळणी होती, एकमेकांच्या तळांवर निरीक्षक गेले, १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली.

सालदार (दारव्हा)

आणि २ ऑगस्ट २०१९ ले तोही करार संपला.

पऱ्हाटी (घाटंजी)

संपला, पण मोडलेली क्षेपणास्त्रं परत जुळली नाहीत. सालदार भाऊ, तुम्ही ज्या सभेचं नाव घेतलं, त्याच सभेने १९९२ मध्ये रासायनिक शस्त्रबंदीचा मसुदा पूर्ण केला, त्याच "महोदय, महोदय" म्हणत. आपण आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. जगाने जाहीर केलेला साठा, ७२ हजार टनांच्या वर, जुलै २०२३ पर्यंत संपला. सीरियासारखे नियम मोडणारे निघाले हे खरं, पण मोडायला नियम होता म्हणून तर जाब विचारता आला.

उलट युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, १ मार्च २०२२ ला, जिनिव्हात रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांचं आधी रेकॉर्ड केलेलं भाषण सुरू झालं आणि अनेक देशांचे राजनयिक उठून गेले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. तरीही सांगतो, त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं, दुसऱ्या दिवशी परत येऊन बसण्यासाठी. ते दार शिष्टाचाराने उघडं ठेवलं.

धुरकरी (आर्वी तालुका)

"महोदय" राहू द्या, मी मागे घेतो. निरोपही राहू द्या, माणूस जातो तेव्हा चार शब्द बोलावेच. "पूर्ण सहकार्याची ग्वाही" मात्र काढा. ज्याला द्यायची नाही त्याने ती देऊ नये. लेक म्हणते, ते एक वाक्य गळालं तर पुढचं भाषण जास्त लक्ष देऊन ऐकलं जाईल.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या गावातले ते दोघे, मोजणीनंतर राम राम घालतात का?

पऱ्हाटी (घाटंजी)

खरं सांगतो, नाही. धुऱ्यावर समोरासमोर आले की अजून मान फिरवतात. हद्दीचे दगड मात्र सात वर्षांत कोणी हलवले नाहीत.