पाहुण्यांच्या हातात जाताना देतो ते काय? वाण, मान, वानवळा की सरळ 'रिटर्न गिफ्ट'?

सुईदोरा:
मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, साताऱ्याला. पाहुण्यांना निघताना द्यायला कापडी पिशवी आणि आत सांगलीच्या हळदीची 100 ग्रॅमची पुडी, एवढं ठरलंय. माणशी 70 रुपयांच्या वर जायचं नाही हे ह्यांनी आधीच बजावलंय. पिशवीवर एक ओळ छापायची आहे. मी लिहून दिलं 'लग्नाचं वाण'. नमुना छापून आला, घरात सगळ्यांना दाखवला. ह्यांच्या आत्याबाईंनी (वय 81, यजमानांना जाऊन तीस वर्षं झाली) पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण वाण म्हणजे मला नाही ना?" मला काही बोलताच येईना. वर मोठे दीर म्हणतात, मला वाण देणार म्हणजे आधी हळदकुंकू लावणार का! तर दुसरा शब्द सुचवा. 'रिटर्न गिफ्ट' नको. छापखान्याला गुरुवारपर्यंत सांगायचंय.

जुना मुद्रितशोधक:
आत्याबाईंचं भाषिकदृष्ट्या बरोबर आहे. वाण म्हणजे व्रताच्या किंवा सणाच्या निमित्तानं द्यायची वस्तू. पूजेच्या पोथ्यांत 'वायनदान' येतं, त्या वायनाचं वाण झालं. संक्रांतीला लुटतात ते वाण, अधिक महिन्यात जावयाला 33 अनारसे देतात तेही वाण. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही.

पाटाखालची मांजर:
म्हणजे जावयाला चालतं! मग दिरांना का नाही?

जुना मुद्रितशोधक:
जावई त्या महिन्यात विष्णूच्या जागी असतो. दीर बारा महिने दीरच असतात.

भुईमूग:
आमच्याकडे वाण म्हटलं की आधी बियाणं आठवतं. 'हा वाण 110 दिवसांत येतो' असं दुकानदार सांगतो. आणि वाण विकतो म्हणून वाणी, खरं ना?

जुना मुद्रितशोधक:
नाही हो. वाणी आला वणिज् वरून, त्याच घरातलं वाणिज्य. वाणसामान त्याच्या मागून आलं. आणि अंगाचा वाण, म्हणजे रंग, तो वर्णावरून. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' मधला. तीन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द आज एकाच दारात उभे आहेत, इतकंच.

तिरपी मात्रा:
चौथाही आहे. माझी आजी म्हणायची, 'घरात कशाची वाण पडू दिली नाही.' वाण म्हणजे टंचाई. म्हणजे बघा, ते वाण द्यायचं, तो वाण पेरायचा आणि ती वाण पडायची. तिन्ही लिंगं एका शब्दात! एवढं असताना आपण परभाषेतले शब्द उसने का आणतो?

ठाण्याची लोकल:
कारण तिन्ही लिंगांत मिळूनही काकूंच्या पिशवीवर छापायला शब्द नाही. 'रिटर्न गिफ्ट' छापा काकू, सगळ्यांना कळतं. आणि गंमत म्हणजे तो शब्द इंग्रजांचाही नाही. ते अशा वस्तूला 'फेवर' म्हणतात. रिटर्न गिफ्ट आपल्याच लोकांनी मुलांच्या वाढदिवसांसाठी घडवला, मग लग्नात शिरला. आपणच घडवलेला शब्द परका कसा?

जुना मुद्रितशोधक:
घडवला असेल, पण फसला आहे. रिटर्न म्हणजे परत. पाहुण्यानं काही दिलं, त्याची फेड. पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापायचं आणि दारात परतीची भेट द्यायची, हा कसला हिशेब?

पाटाखालची मांजर:
मराठी करायचंच तर 'साभार परत' छापा. इथल्या निम्म्या लोकांना तो शब्द ओळखीचा आहे, संपादकांच्या कृपेनं.

सुईदोरा:
हसले, पण उपयोग नाही. 'सप्रेम भेट' कसं वाटतं?

तिरपी मात्रा:
'सप्रेम भेट' पाहुण्यानं भांड्यावर घालून घ्यायचं असतं! आमच्या मांडणीत एक पितळी डबा आहे, त्यावर 'सप्रेम भेट, 12-5-1968' आणि खाली भलत्याच आडनावाच्या कुटुंबाचं नाव. आमच्या सात पिढ्यांत ते आडनाव नाही. कुणाला तरी मिळालेला डबा पुढे सरकवत आमच्यापर्यंत आला. खोडायला गेले असते तर डबा पातळ झाला असता, म्हणून आजोबांनी तसाच ठेवला. आम्ही त्याला 'त्यांचा डबा' म्हणतो.

भुईमूग:
ब्लाऊजपीसचंही तेच. आमच्या बहिणीच्या लग्नात दिलेला मोरपिशी पीस चार वर्षांनी माझ्याच बायकोच्या ओटीत परत आला. घडी मोडलेली नव्हती.

ठाण्याची लोकल:
बघा, हे झालं खरं रिटर्न गिफ्ट.

चुलीवरचा चहा:
शब्दाचं तुमचं चालू द्या, मी वस्तूबद्दल बोलते. दोन लग्नं उरकली आहेत. पिशवीवर वर-वधूचं नाव मोठ्या अक्षरात छापू नका, लोक ती भाजीला नेत नाहीत. आतल्या बाजूला बारीक छापा. गणपतीच्या मूर्ती, फोटो अजिबात नको, कुणाला टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते. तुळशीची रोपं मोहक दिसतात, पण रेल्वेनं आलेला माणूस ती कार्यालयातच ठेवून जातो. आम्ही संध्याकाळी 40 रोपं उचलली. आणि माणशी नको, कुटुंबाला एक द्या. 300 माणसांच्या यादीत आमची 115 कुटुंबं निघाली. तेवढ्याच पैशांत सोलापुरी टॉवेल बसला.

सुईदोरा:
कुटुंबाला एक! हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांना आत्ताच सांगते.

जुना मुद्रितशोधक:
टॉवेलवरून आठवलं. गावाकडे टॉवेल-टोपी देतात त्याला 'मान' म्हणतात. मामाचा मान, विहिणीचा मान. 'लग्नाचा मान' छापा. शुद्ध, दोन अक्षरी.

तिरपी मात्रा:
शुद्ध काय शुद्ध! तीनशे जणांना सारखाच दिला तर तो मान कसला? मान म्हटला की कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला नऊवारी आणि कुणाला नुसता खण. त्यावरूनच तर मांडवात रुसवेफुगवे होतात. मला तर वाटतं आपल्याकडे शब्द नाही याचं कारणच हे आहे. आपल्याकडे कुणी कुणाला दिलं त्यावर शब्द ठरतो. व्याह्याला मान, सुवासिनीला ओटी, नवऱ्या मुलीला आहेर, भटजीला दक्षिणा, मजुराला शिधा. येईल त्याला एकसारखं द्यायची पद्धतच नवी.

भुईमूग:
नवी नाही. पानसुपारी आणि नारळ सगळ्यांना मिळायचाच. तमिळ लग्नात अजून देतात, तांबूल, नारळ, पिवळ्या कापडी पिशवीत.

पाटाखालची मांजर:
मराठीत मात्र 'नारळ दिला' म्हणजे नोकरी गेली.

एक नंबर चाळ:
मला आत्याबाईंच्याच गोष्टीवर थांबायचंय. आपण शब्द बदलतोय, म्हणजे त्यांना वाण चालत नाही हे मान्य करतोय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. एक गाव ठराव करू शकतं, आणि आपण एका पिशवीवर 'वाण' छापून ती पहिली आत्याबाईंच्या हातात देऊ शकत नाही? शब्द रुंद करा की.

जुना मुद्रितशोधक:
शब्द समाजसुधारणेनं रुंद होत नाहीत.

एक नंबर चाळ:
मग कशानं होतात? 'आहेर' म्हणजे एके काळी कापडचोपड होतं, आता पाकीट झालं. 'घरचा आहेर' तर शिव्यांचाही असतो.

सुईदोरा:
तुमचं पटतं हो. पण त्या दिवशी मांडवात शंभर नजरा असणार आणि उत्तर आत्याबाईंना द्यावं लागणार, मला नाही. मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, "माझ्यावर प्रयोग नको, पिशवी दे."

भुईमूग:
तर मग ऐका, आमच्याकडचा शब्द. वानवळा. हुरडा आला, शेंगा निघाल्या, पहिल्या तोडीची वांगी आली की शेजारी, भावकीत, शहरातल्या लेकीकडे थोडं थोडं पाठवायचं. बाई-पुरुष बघत नाहीत, सुवासिनी बघत नाहीत, फेडीची अपेक्षा नाही. फक्त पिशवी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. हळद म्हणजे शेतातलंच पीक. 'लग्नाचा वानवळा'. बसतोय की नाही?

तिरपी मात्रा:
वा! आणि वानगीदाखल मधली वानगी याच कुळातली असणार. नमुना म्हणून थोडंसं.

जुना मुद्रितशोधक:
असणार म्हणजे? पुरावा? आणि वानवळा घरच्या मालाचा असतो. सांगलीहून विकत आणलेल्या हळदीचा वानवळा कसा होईल?

ठाण्याची लोकल:
माझ्या ऑफिसात विचारलं. आठांपैकी दोघांना वानवळा माहीत होता. एकाला वाटलं बुरशी येते ती.

भुईमूग:
नसेल माहीत तर पिशवी वाचून विचारतील. विचारल्याशिवाय शब्द कळायचा कसा? आणि आमच्या मावशी 'वानोळा' म्हणतात, तेही चालेल.

जुना मुद्रितशोधक:
छापताना एकच रूप ठेवा.

चुलीवरचा चहा:
हळद पोळीच्या डब्याशेजारी बांधू नका एवढंच सांगते. पुडी फुटली की सगळी पिशवी पिवळी. दुहेरी कागद घ्या.

सुईदोरा:
कळवायचं राहिलं. ह्यांना 'वानवळा' आवडला, आत्याबाईंनाही. त्यांच्या माहेरी वापरायचे म्हणे, लगेच दोन गोष्टी सांगून झाल्या. फोनवरून छापखान्यात शब्द सांगितला आणि आज 120 पिशव्या घरी आल्या. प्रत्येकीवर, सुंदर गुलाबी अक्षरात, 'लग्नाचा वानवा'. आता काय करू?

पाटाखालची मांजर:
उपवर मुलांच्या आईबापांना वाटा. त्यांना पटेल.

चुलीवरचा चहा:
शेवटच्या अक्षरावर एक फूल छापून घ्या वरून. आमच्या तारखेचं तसंच केलं होतं.

जुना मुद्रितशोधक:
वानवा स्त्रीलिंगी आहे. 'लग्नाची वानवा' हवं होतं.