‘परकं वाटतं’ ही रड आहे का?

टेक्सासकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘अमेरिकेतल्या लॅटिनो (मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडच्या घरांतल्या) पोरांना इंजिनिअरिंगमध्ये परकं वाटतं ही नुसती रड आहे. गणित येतं तो टिकतो.’ डोकंच फिरलं. मी चार वर्षं टीए, म्हणजे प्राध्यापकाचा शिकवणीतला मदतनीस, होतो. स्टॅटिक्सच्या तासाला ‘चौघांचे गट करा’ म्हटलं की एक मेक्सिकन-अमेरिकन मुलगी वही छातीशी धरून दर वेळी शेवटी उरायची. गुण कायम नव्वदच्या वर. तिसऱ्या सत्रात तिने शाखा सोडली. गणित येत नव्हतं म्हणून?

नाशिकचा मिस्त्री: ते मीच लिहिलं होतं. आम्हाला कुणी गटात घेतलं? डोक्यावर कर्ज घेऊन आलो आणि टिकलो.

टेक्सासकर: तुम्ही बी.ई. होऊन आलात, विभागात निम्मे देशी. ती घरातली पहिली कॉलेजात गेलेली. आपण परदेशात परके, ती स्वतःच्या गावात.

सीमेवरची: मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोत युटेपला, म्हणजे टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या शाखेत, जाऊन बघा. ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिनोच. जिन्यात बसून स्पॅनिशमध्ये गणितं सोडवतात, कुणी वळूनही बघत नाही. पहिली लॅटिना अंतराळवीर एलेन ओचोआ, तिलाही इलेक्ट्रिकलच्या प्राध्यापकाने आधी नाउमेदच केलं होतं. १९९३ साली ती अंतराळात गेली.

नाशिकचा मिस्त्री: लॅबमध्ये स्पॅनिश कशाला? इंग्रजी शिकायला नको?

सीमेवरची: त्यातली बहुतेक अमेरिकेतच शिकलीत, इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा बरं बोलतात!

मराठी माध्यम: भाषेवर आलातच तर ऐका. पुण्यात पहिल्या वर्षाला सरांनी टँजंट विचारला, माझ्या तोंडून ‘स्पर्शिका’ निघालं. अख्खा वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं. पुढे दोन वर्षं मी हात वर केला नाही.

नाशिकचा मिस्त्री: मराठी माध्यमाचं रडगाणं इथे कशाला? मीही झेडपीच्या शाळेतलाच!

मराठी माध्यम: मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं. माझ्या वर्गातल्या दोघी त्याच वर्षी घरी परतल्या. तुम्ही टिकलात म्हणून त्या कच्च्या ठरत नाहीत.

टेक्सासकर: आणि टेक्सासात १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयंही, अशा मुलांना आधार देणारी, कायद्याने बंद. त्या मुलीने आता कुणाचं दार ठोठवायचं?

नाशिकचा मिस्त्री: कार्यालयांनी काही होत नाही, यावर मी ठाम आहे. पहिल्या थंडीत मंडळातल्या एका काकूंनी दर शनिवारी जेवायला बोलावलं, नसतं बोलावलं तर परत गेलो असतो. एवढं मान्य. पण ते घरच्यासारख्या माणसांनी केलं, विद्यापीठाने नाही.

टेक्सासकर: तिची घरची माणसं वीस मिनिटांवर होती, मिस्त्री. वर्गात कुणी नव्हतं.