ग्रामसभेत अंदाजपत्रकावर हात वर करण्याला कितपत अर्थ असतो?

शिवारकर (प्रश्न):
यंदा 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर मंदिराच्या सभामंडपात आमची ग्रामसभा झाली. जेमतेम तीस माणसे असतील. ग्रामसेवकांनी अंदाजपत्रक एका दमात वाचले, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला आणि सह्यांची वही फिरू लागली. गटाराऐवजी पाण्याच्या गळक्या टाकीवर खर्च करावा असे मी सुचवले, तर ‘आराखडा केव्हाच वर गेला’ असे सांगण्यात आले. तीस माणसांत सभा वैध कशी, आणि आमच्या मताला किंमत ती काय?

जुना दप्तरवाला:
मी निवृत्त ग्रामसेवक आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी लागते. परंतु गणपूर्ती न झाल्याने पुढे ढकललेल्या, म्हणजे तहकूब सभेला ती अट नाही, आणि बहुतेक गावांचा कारभार या तहकूब सभांवरच चालतो. निधीविषयी मात्र आपली मागणी मांडण्यातच चूक झाली, असे माझे मत आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील निधीत 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखून ठेवलेली. तिचा अर्धा वाटा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. सांडपाण्याचे गटार स्वच्छतेच्या वाट्यातून होते, टाकी पाण्याच्या. त्यामुळे ‘गटाराऐवजी टाकी’ असे म्हटले की उत्तर देणारा सहज सुटतो. ‘पाण्याच्या वाट्यातून कोणते काम घेतले’ असे विचारले की त्याला वही उघडावी लागते. तेही 2 ऑक्टोबरच्या सुमारास, पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत असताना विचारायला हवे. जानेवारीत हात वर करणे म्हणजे वरात गेल्यावर अक्षता टाकणे.

माजघर:
ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, हे इथे कोणीच म्हटले नाही. पाणी कोण भरते हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा टाकीचा ठराव आधी तिथे करून घ्यावा. खरे मतदान काय असते, ते आम्ही दारूबंदीच्या वेळी पाहिले. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, म्हणजे दुकान चालू, आणि एक आडवी, म्हणजे दुकान बंद. शिक्का पडद्याआड मारायचा, त्यामुळे नवरा, सासरा किंवा दुकानदार यांच्यापैकी कोणाला काही कळत नाही. अट मात्र कडक आहे: यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, म्हणजे जी बाई घरी राहिली तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. दुकान बंद करायला एवढी मते लागतात आणि लाखोंचे अंदाजपत्रक तहकूब सभेत पार पडते, हे मला अजूनही विचित्र वाटते.

शिवारकर:
दोघांचेही आभार. अंदाजपत्रकाच्या नमुना 1 ची प्रत मिळावी म्हणून उद्याच अर्ज देतो. महिला सभेचे आईला विचारले, तर ती म्हणाली की वहीवर तिची सही घरी येऊन घेतली होती.