मदत हवी आहे: जांभ्या जमिनीत मेटल डिटेक्टर अखंड वाजतो, सोनं शोधायचं कसं?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. घर जुनं, मागे कुळागर (सुपारीची बाग) आणि कुळागराच्या खालच्या अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा. गेल्या मे महिन्यात मेव्हणा मेलबर्नहून आला होता, तेव्हा जाताना आपला जुना मेटल डिटेक्टर मला देऊन गेला. तो सुट्टीच्या दिवशी व्हिक्टोरियातल्या जुन्या सोनखाणींच्या भागात हिंडतो. तिथे 'मायनर्स राइट' नावाचा सरकारी परवाना मिळतो, एकदा काढला की १० वर्षं चालतो आणि हौशी माणसालाही नेमून दिलेल्या भागात सोनं शोधता येतं. १९८० साली त्याच राज्यात किंगोवरजवळ असल्याच एका मशीनवर २७ किलोंचा सोन्याचा गोळा सापडला होता, 'हँड ऑफ फेथ' म्हणतात त्याला. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून विषय जात नाही.

मशीन व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रीक्वेन्सीच्या) प्रकारचं आहे, एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं, १८ किलोहर्ट्झ. कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, ११ इंची. पाऊस ओसरल्यावर तीन रविवार व्हाळाच्या काठाने फिरलो. चालू केल्यापासून बंद करेपर्यंत ते वाजतच राहतं. पहिल्या दिवशी प्रत्येक आवाजावर खणलं. मिळालं काय, तर खिळे, एक बिजागरी, बैलाच्या नालेचा तुकडा आणि घमेलंभर तांबडेकाळे दगड. हे दगड कॉइलखाली धरले की मशीन धातू दाखवतं, हातात घेतले तर साधे दगड. स्पीकरमधलं चुंबक लावून पाहिलं, काही चिकटले.

दुसरी गोष्ट. व्हाळाच्या वळणावरची वाळू परातीत घेऊन धुतली. तळाला काळी रेती उरली आणि तिच्यात पिवळे चमचमते कण. बायको म्हणाली सोनाराला दाखवा. मला आधी इथे विचारावंसं वाटलं. आणि मशीन वाजतंय ते बिघडलंय म्हणून, की माझंच काही चुकतंय? डिस्क्रिमिनेशन (नको तो धातू गाळायची सोय) वाढवून लोखंड गप्प केलं तर सोनंही गप्प होईल का?

हा माझा वेळ घालवायचा उद्योग नाही. वडील खाणीवर होते, खाणी थांबल्या तेव्हा घरात बसले. या मातीत लोखंडाशिवाय आणखी काय आहे हे त्यांनाही बघायचं आहे. दर रविवारी ते माझ्याबरोबर येतात, दगडावर बसून असतात. त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे मला.

खाणीतला

डिचोलीकर भाऊ, मशीन उत्तम आहे. ते जमिनीचं खरं सांगतंय, एवढंच. मी लोहखनिजाच्या खाणीवर नमुने तपासायच्या कामाला बरीच वर्षं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन उरलेला खडक. सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्यातलं काही लोह मॅग्नेटाइट, मॅघेमाइट अशा चुंबकी रूपात असतं. व्हीएलएफ मशीन जमिनीत सतत लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरीतला फरक ऐकतं. इथे जमीनच उत्तर देते. तुमच्या तांबड्याकाळ्या दगडांना या छंदातले लोक 'हॉट रॉक' म्हणतात.

करायचं असं. आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज मशीनला दुर्लक्षायला लावणं. ज्या जागी धातू नाही याची खात्री आहे तिथे कॉइल जमिनीपासून हातभर वर नेऊन पुन्हा खाली आणा, आणि वरखाली करताना आवाज बदलेनासा होईपर्यंत बटण फिरवत राहा. दहा पावलं पुढे गेलात की माती बदलते, परत करा. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा. सगळे नवखे ती शेवटपर्यंत चढवतात आणि मग मशीनला दोष देतात. ११ इंची कॉइल एका वेळी फार माती बघते. ५-६ इंची डबल-डी कॉइल मिळाली तर निम्मा गोंधळ कमी होईल. पल्स इंडक्शन जातीची मशीन असली जमीन बरीच दुर्लक्षून चालतात, पण ती फार महाग, शिवाय लोखंड आणि सोनं वेगळं सांगण्यात कच्ची.

डिस्क्रिमिनेशनबद्दल तुमची शंका रास्त आहे. लोखंडाने भरलेल्या मातीत बारीक सोन्याचा आवाज लोखंडासारखाच येतो आणि गाळणीत तोही जातो. घरात अर्ध्या ग्रॅमची नाकातली सोन्याची चमकी असेल तर ती पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने पक्की लावा, पुठ्ठ्याला लांब दोरी बांधा, आणि याच मातीत दोन इंच खाली पुरून कॉइल फिरवा. ऐकू आली नाही तर त्या सेटिंगवर व्हाळात फिरण्यात अर्थ नाही. चमकीच्या खोलीवर जो कान तयार होतो तो पुस्तकाने होत नाही.

आता ते पिवळे कण. सावलीत न्या. चमक विझली तर अभ्रक. पाण्यात हलकेच ढवळा, कण तरंगत, गिरक्या घेत गेले तरी अभ्रक. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते काळ्या रेतीच्याही खाली बसतं. सुईचं टोक दाबा: सोनं दबतं, पायराइट (सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज) फुटतं. फरशीच्या न चकाकणाऱ्या पाठीवर घासलं तर पायराइटचा ओरखडा हिरवटकाळा येतो, सोन्याचा पिवळाच.

आणि वडिलांना सांगायचं उत्तर. आपले खडक धारवाड घराण्यातले, म्हणजे अतिप्राचीन खडकांच्या गटातले आहेत आणि त्याच घराण्यातल्या खडकांत कर्नाटकात हट्टीची सोन्याची खाण चालते, कोलारची २००१ मध्ये बंद झाली. म्हणून आशा वेडी नाही. पण तिथलं सोनं गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमध्ये, खोल, दगडात बारीक विखुरलेलं. मशीनला ऐकू येतो तो निदान बाजरीच्या दाण्याएवढा सलग तुकडा, धूळ ऐकू येत नाही. गोव्यातल्या खाणी लोह, मँगनीज आणि बॉक्साइटच्या.

कायद्याचंही लिहितो, कारण कोणी सांगत नाही. आपल्याकडे मायनर्स राइटसारखं काही नाही. १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही, मग जमीन आपली असो वा नसो. परातभर वाळू धुऊन बघणं वेगळं आणि व्हाळ उकरत सुटणं वेगळं. म्हादई, नेत्रावळी, मोले अशा अभयारण्यांत तर कुदळ घेऊन पाऊलही टाकू नका. जुन्या देवळांच्या, किल्ल्यांच्या आवारात मशीन चालूसुद्धा करू नका. पुरलेलं काही जुनं मिळालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

डिचोलीकर

काका, मनापासून आभार. सगळं करून पाहिलं. सावलीत चमक गेली, सुईखाली पापुद्रे सुटले: अभ्रक. वडील हसले नाहीत, नुसतं "बरं झालं, कळलं" म्हणाले. चमकीही पुरली. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणल्यावर दीड इंचावरून स्पष्ट ऐकू आली, त्या दिवशी वडिलांनी पहिल्यांदा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. व्हाळ आता सोडला. किनाऱ्यावर न्यावं असं ठरतंय. तिथे काय काळजी घ्यायची?

सुकती

दादा, मी पेडण्याची. चार वर्षं किनाऱ्यावर फिरते. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि जड वस्तू खालच्या कडक थरावर बसतात, त्यामुळे चवथीनंतरचे (गणेश चतुर्थीनंतरचे) दिवस चांगले. सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण लागायच्या दीड तास आधी पोचा.

तुमच्या मशीनला कोरडी वाळू सोपी जाईल. ओल्या वाळूतलं खारं पाणी वीज वाहून नेतं, एकाच फ्रीक्वेन्सीचं मशीन तिथे प्रत्येक लाटेला बोलतं. कॉइल एकाच उंचीवर, सावकाश फिरवा आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर आडवे चालू नका, त्या रेषेला समांतर चाला. मशीनच्या पडद्यावर येणारा अंगठीचा आकडा आणि चॉकलेटच्या चांदीचा, कॅनच्या पत्रीचा आकडा जवळजवळ एकच येतो. कचरा खणायचा नसेल तर सोनंही मिळत नाही. बाटल्यांची झाकणं पिशवीत भरून आणा, परत पुरू नका. बारीक साखळी मात्र फसवते, तिची प्रत्येक कडी मशीनला सुटी दिसते. ऐकू येतो तो बहुधा तिचा फासा नाहीतर पदक.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. नोव्हेंबरपासून तिथे खणायला जाऊच नका, दिवसासुद्धा. खड्डा बुजवल्याशिवाय उठू नका.

आणि एक. किनाऱ्यावरचं सोनं कोणाचं तरी असतं. विसर्जनाला गर्दीत गळ्यातलं तुटलेलं असतं, थंड पाण्यात बोट आकसून अंगठी निसटलेली असते. करार कायद्याच्या ७१ व्या कलमाप्रमाणे सापडलेली वस्तू आपल्याकडे राखायला दिल्यासारखी असते. मी फोटो काढते, तारीख आणि जागा लिहिते, पोलीस ठाण्यात देते, पोच घेते. जाहीर सांगताना एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवते, म्हणजे खरा मालकच ती सांगू शकतो.

डिचोलीकर

बाय, तुम्ही लिहिलंत ते वेळेवर लिहिलंत. काल पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलो. अठरा झाकणं, एक चमचा, दोन नाणी. उन्हं कलल्यावर, विसर्जनाची पायवाट उतरते तिथून थोडं खाली, कोरड्या वाळूत चार बोटं खोल एक आवाज आला. वडिलांनीच खणलं. मंगळसूत्राची एक वाटी, एकच, काळे मणी दोन अडकलेले. वडिलांनी ती पंच्यावर पुसली आणि बराच वेळ हातात धरून बसले. आज सकाळी ठाण्यात दिली, पोच माझ्याकडे आहे.

वाटीच्या आतल्या बाजूला काही कोरलेलं आहे, ते इथे लिहीत नाही. या चवथीला किंवा गेल्या चवथीला कोणाच्या घरातल्या बाईची वाटी विसर्जनाच्या वेळी हरवली असेल, तर कोणता किनारा आणि आत काय कोरलंय एवढं मला निरोपात कळवा. दुसरी वाटी तिथेच आसपास असेल असं मला वाटतं. येत्या रविवारी सुकती सकाळी आहे, आम्ही दोघं परत जातो आहोत.