प्रतिसाद: बाणाची कळ दाबल्यावर पात्र अडखळतं त्याबद्दल
ब्राउझरमधल्या गेममध्ये बाणाची कळ धरून ठेवली की पात्र एक पाऊल टाकतं, क्षणभर थबकतं आणि मग पळतं, हा दोष कॅनव्हासचा (वेबपानावर चित्र काढायच्या जागेचा) नाही. कळ धरून ठेवली की ऑपरेटिंग सिस्टम पहिल्या कीडाउननंतर (कळ दाबल्याच्या संदेशानंतर) जरा थांबून मगच पुढचे पाठवते. म्हणून कीडाउनमध्ये पात्र हलवूच नका. तिथे फक्त कळ दाबल्याची नोंद करा, कीअपला, म्हणजे कळ सुटल्यावर, ती पुसा. हालचाल प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर नवं चित्र येईल तेव्हा) करा, वेगाला दोन फ्रेममधल्या वेळेने गुणून. नाहीतर १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर तेच पात्र सुसाट सुटेल. खेळता खेळता दुसरी विंडो उघडली तर कीअप हुकतो (आणि पात्र भिंतीला धडका देत बसतं!), तेव्हा ब्लर झाल्यावर (खेळाच्या विंडोवरचा फोकस गेल्यावर) सगळ्या नोंदी साफ करा. आणि हो, पात्राच्या पायाखालून फळीची कडा सुटल्यावरही साधारण १०० मिलिसेकंद उडीची कळ मान्य करा. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण कंट्रोल आवडतात.