भूमितीतला पक्ष आणि न्यायशास्त्रातला पक्ष

विचारणा : शालेय भूमितीत प्रमेयाखाली 'पक्ष', 'साध्य' आणि 'सिद्धता' असे तीन शब्द येतात. साध्य म्हणजे सिद्ध करायचे ते, हे समजते. पण 'पक्ष' म्हणजे दिलेली माहिती, हा अर्थ कुठून आला? राजकीय पक्ष, पंधरवडा, पंख यांपैकी कशाशीच तो जुळत नाही. शिवाय अशा अवजड शब्दांनी ज्ञानात काही भर पडते, की नुसता अडसर होतो?

उत्तर : पक्ष, साध्य आणि प्रमेय हे तिन्ही न्यायशास्त्राच्या, म्हणजे कायद्याच्या नव्हे तर जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, परिभाषेतले शब्द आहेत, आणि गंमत अशी की तिथे 'पक्ष' शब्दाचा अर्थ भूमितीतल्या अर्थाच्या जवळजवळ उलट आहे. अनुमानाचे ठरलेले उदाहरण घेऊ : पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. यात अग्नी हे साध्य, धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ती खूण, आणि पर्वत हा पक्ष. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' या आपल्या ग्रंथात 'संदिग्धसाध्यवान् पक्षः' अशी व्याख्या दिली आहे, म्हणजे जिथे साध्य आहे की नाही याचा अजून संशय आहे ते ठिकाण. भूमितीत मात्र जे निःसंशय धरून चालायचे त्याला आपण पक्ष म्हणतो.

न्यायशास्त्रात हा शब्द एकटा नांदत नाही. साध्य जिथे असल्याची खात्री आहे ते स्वयंपाकघर हा सपक्ष, आणि साध्य जिथे नसल्याची खात्री आहे तो जलाशय हा विपक्ष. हेतू सपक्षात आढळतो का, विपक्षात तर आढळत नाही ना, हे तपासल्यावरच पक्षाविषयी बोलता येते. भूमितीत पक्ष आला, पण सपक्ष आणि विपक्ष आले नाहीत. भूमितीला त्यांची गरजच नव्हती, त्यामुळे यात कोणाची चूक झाली असे मला वाटत नाही; मात्र शेजारी सुटले की शब्दाचा अर्थ कसा मोकळा होतो आणि भलतीकडे जाऊन बसतो, याचा हा चांगला नमुना आहे. 'प्रमेय' शब्दाचेही असेच झाले. प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, जे जाणायचे ते प्रमेय, आणि गौतमाच्या न्यायसूत्रांत आत्मा, शरीर, इंद्रिये यांपासून अपवर्गापर्यंत, म्हणजे मोक्षापर्यंत, बारा प्रमेये मोजली आहेत. पायथागोरसचे प्रमेय त्या यादीत कुठेच बसणार नाही.

ज्ञानात भर पडते का, या दुसऱ्या प्रश्नासाठी 'ज्ञान' हाच शब्द तपासावा. मराठीत ज्ञान खोटे असू शकत नाही. दोरी पाहून साप वाटला तर आपण 'भास झाला' म्हणतो, 'सापाचे ज्ञान झाले' असे म्हणत नाही. तर्कसंग्रहात मात्र शिंपल्यावर 'ही चांदी आहे' असे जे वाटते तेही ज्ञानच आहे, फक्त अयथार्थ. तिथे ज्ञान म्हणजे कोणतीही जाणीव. तिचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग, अनुभवाचे पुन्हा यथार्थ आणि अयथार्थ असे दोन, आणि त्यातल्या यथार्थ अनुभवाला 'प्रमा' हे वेगळे नाव. स्मृती प्रमेत मोडत नाही. एखाद्याला पाढे तोंडपाठ असले तर मराठीत ते त्याचे ज्ञान ठरते. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, म्हणेल की पाठ असणे ही आधीच्या अनुभवाच्या संस्कारातून उठलेली स्मृती आहे, ती नवे काही कळवत नाही. हे मत पटो वा न पटो, 'प्रमा' हा शब्द हाताशी नसेल तर हा वाद मांडताही येत नाही.

येथे ज्ञानेश्वरीचाही उल्लेख करायला हवा, कारण पारिभाषिक शब्द एकाच अर्थाला बांधलेला असतो असा समज तिने ढिला होतो. सातव्या अध्यायात 'अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान' असे म्हटले आहे, म्हणजे त्याखेरीज इतर जो प्रपंच ते विज्ञान. शंकराचार्यांच्या गीताभाष्यात याच ठिकाणी विज्ञानाचा अर्थ स्वतःचा अनुभव असा आहे, आणि आजच्या मराठीत विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतले शास्त्र. ज्ञानेश्वरीतला अर्थ आजच्या अर्थाला विलक्षण जवळचा वाटतो, पण त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तिथे 'येर' या शब्दात विज्ञानाला दुय्यम स्थान आहे, तसे ते आजच्या वापरात नाही.

शंका : हे सर्व मान्य केले, तरी 'पक्ष' आणि 'साध्य' यांच्याऐवजी 'दिलेले' आणि 'सिद्ध करायचे' असे लिहिले तर काय बिघडते? नाव कळले म्हणजे वस्तू कळली असे थोडेच असते?

उत्तर : भूमितीपुरते काहीच बिघडत नाही. ज्या शब्दाचे काम साध्या शब्दाने पुरते होते तो परिभाषेत ठेवायचा तो केवळ सवयीने, आणि सवय सोडता येते. नाव आणि वस्तू यांविषयी मात्र नैयायिकांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. त्यांच्या चार प्रमाणांतले तिसरे, उपमान, याच कामासाठी आहे. 'गवय गाईसारखा असतो' एवढे ऐकून कोणी रानात गेला, तसा प्राणी त्याला दिसला आणि 'गवय म्हणतात तो हाच' असे त्याला उमगले, तर या उमगण्याला ते स्वतंत्र प्रमा मानतात. प्राणी डोळ्यांनी दिसला होता, वर्णन आधीच ऐकले होते. नवे कळले ते नावाचे आणि वस्तूचे नाते. दाजीपूरच्या जंगलात पहिल्यांदा गवा पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मराठी शाळेत मात्र 'उपमान' भेटते ते उपमा अलंकारात, मुख ज्याच्यासारखे ते कमळ म्हणून.

साधा शब्द कुठे पुरत नाही हे पाहायचे तर 'उपाधी' घ्यावी. मराठीत उपाधी म्हणजे पदवी किंवा मागे लागलेला त्रास. न्यायात तिचा अर्थ फार नेमका आहे. 'जिथे अग्नी तिथे धूर' असे कोणी म्हटले तर ते चूक, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर निघतो तो सरपण ओले असते म्हणून. हा ओलेपणा जिथे धूर तिथे असतोच, पण जिथे अग्नी तिथे असेलच असे नाही. म्हणून ओले सरपण ही येथे उपाधी. अमुक काढा घेतल्याने माणसे बरी होतात असा दावा असावा, आणि चौकशीत असे निघावे की बरे झालेले सगळे तरुण होते पण काढा वृद्धांनीही घेतला होता, तर तरुणपण ही उपाधी ठरते. 'लपलेली अट' असे म्हणून काम भागेल, पण त्या दोन शब्दांत साध्य आणि हेतू यांच्याशी असलेले तिचे दुहेरी नाते येत नाही, आणि ते दर वेळी पूर्ण वाक्यात सांगावे लागते. असे शब्द पाहायचे असतील तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश, विशेषतः वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली १९२८ ची पुण्याची आवृत्ती, अजूनही उघडावी.

याच कुळातला आणखी एक शब्द आपण रोज चुकीच्या माणसाला लावतो. फार वाद घालणाऱ्याला आपण वितंडवादी म्हणतो. न्यायसूत्रांत वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मुळीच न मांडता फक्त दुसऱ्याचे खंडन करणे, आणि जिंकण्यासाठी वाटेल ते मार्ग वापरत स्वतःची बाजू लढवणे हा जल्प. जो हट्टाने आपलेच म्हणणे पुढे रेटतो, तो कितीही त्रासदायक असला तरी वितंडा करत नसतो. जल्प शब्द मराठीत फारसा रुळला नाही, म्हणून दोन्ही दोष एकाच नावाखाली गेले आहेत.