हवामानाची मॉडेलं आणि आमचा 0.42 टक्के कर्ब

काळी_माती_यवतमाळ
माती परीक्षणाचा कागद आला. सेंद्रिय कर्ब 0.42. अडीच एकर भारी काळी, पऱ्हाटीत (कपाशीत) तूर. त्याच आठवड्यात एकीकडे वाचलं की तापमान वाढलं की मातीतला कर्ब उडून जाणार. दुसरीकडे लिहिलंय, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर झाडंपिकं जोमात येतील आणि जमिनीत कर्ब साठेल. दोन्ही म्हणे संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या मॉडेलचेच निष्कर्ष. हे मॉडेल मातीचं ठरवतं तरी कसं?

वाशिमचा_पोरगा
भाऊ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, भांडण जास्त कोणती यावर आहे. एम.एस्सी.ला असताना मी वडिलांच्या शेतावर रोथसी नावाचं मॉडेल चालवलं होतं, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

हे इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राचं. तिथे 1843 पासून एकाच रानात गहू घेऊन नोंदी ठेवल्यात. त्या मॉडेलात मातीतल्या कर्बाचे पाच कप्पे असतात: लवकर कुजणारा काडीकचरा, चिवट काडीकचरा, सूक्ष्मजीव, ह्यूमस (कुजून मुरलेला भाग) आणि अजिबात न हलणारा कर्ब. दर महिन्याला त्या शेवटच्याला सोडून बाकीच्यांतला थोडाथोडा कुजवायचा. कुजलेल्यातला चौथा हिस्सा भारी मातीत टिकतो, बाकी हवेत. हलक्या जमिनीत टिकणारा पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

वेग ठरतो तापमान, ओल आणि जमीन झाकलेली की उघडी यावर. पीक उभं असेल तर 0.6 पट. तिथल्या सरासरी 9 अंशांना वेग 1 धरला तर 27 अंशांना 4.2 येतो, 29 ला 4.6. म्हणजे आपल्याकडे दोन अंश वाढले तर कुजणं साधारण 9 टक्क्यांनी वाढतं. पण माती कोरडी पडली की हाच वेग पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. आपल्या उन्हाळ्यात कुजायला ऊन भरपूर असतं, पाणी नसतं!

कर्बाचा माझा पहिला आलेख छान चढता आला. वडिलांनी पाहिला आणि म्हणाले, "पऱ्हाट्या तर आपण धुऱ्यावर जाळतो." मी त्या शेतातच कुजतात असं धरलं होतं. आकडा दुरुस्त केला, रेघ उतरती झाली. तापमानाला हातसुद्धा लावला नव्हता.

जगाच्या मॉडेलांत हीच अडचण मोठ्या आकारात दिसते. 2013 च्या एका अभ्यासात 11 मॉडेलं शेजारी ठेवली, तर आजचाच मातीतला साठा कुणी 510 अब्ज टन सांगतंय, कुणी 3040. सुरुवातच इतकी वेगळी, मग 2100 चं उत्तर एक कसं येणार?

जंगलवाला
एक भर. अमेरिकेत हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 पासून जमिनीत तारा पुरून माती 5 अंशांनी गरम ठेवली. 26 वर्षांत वरच्या 60 सेंटिमीटरमधला 17 टक्के कर्ब गेला. पण सरळ नाही. काही वर्षं झपाट्याने, मग थबकला, मग परत सुरू. तिथले सूक्ष्मजीवच बदलत गेले. ठरावीक वेगाच्या कप्प्यांत हे कसं बसवायचं?

वाशिमचा_पोरगा
बसत नाही, बरोबर. रोथसीत सूक्ष्मजीव हा नुसता एक कप्पा, तो कुणाला खात नाही की उपाशी राहत नाही. नव्या काही मॉडेलांत त्यांना खरंच खाऊ घातलंय, पण मग मातीतलं मोजायला अवघड असं बरंच काही मॉडेलला पुरवावं लागतं.

काळी_माती_यवतमाळ
समजलं थोडंफार. आमच्या कागदावर चुनखडीपण आहे, तिच्यातही कर्ब असतो ना? तो धरला का?

वाशिमचा_पोरगा
असतो, पण रोथसी फक्त सेंद्रिय धरतं. तुमचा 0.42 पण सेंद्रियच. चुनखडी वेगळी.

काळी_माती_यवतमाळ
बरं. पऱ्हाट्या यंदा जाळत नाही, बारीक करणारं यंत्र भाड्याने मिळतं का बघतो. तुराट्या मात्र चुलीला लागतात, त्या तुमच्या मॉडेलात टाकू नका.